अपग्रेड झालं, पण हात अडखळतायत

प्रश्न थोडक्यात असा आहे: "उबंटू २०.०४ या लिनक्सवर चार-पाच वर्षं बिनबोभाट काम चाललं होतं. सपोर्ट संपला म्हणून आधी २२.०४ आणि लगेच पुढे २४.०४ असा दोन टप्प्यांत अपग्रेड केला. आता वर्कस्पेस, म्हणजे खिडक्या वाटून ठेवायचे वेगवेगळे पडदे, वर-खाली न जाता आडवे सरकतात. कोपऱ्यातला 'अ‍ॅक्टिव्हिटीज' हा शब्द गेला. प्रिंट-स्क्रीन दाबलं की चित्र गुपचूप सेव्ह होण्याऐवजी पडद्यावर भलतीच चौकट उघडते. डेस्कटॉपला सोयी जोडणारी नऊ एक्स्टेन्शन होती, सगळी बंद. सकाळी खिडक्या जागच्या जागी मांडणारी माझी स्क्रिप्ट अर्धवटच चालते. जुनं रूप परत आणता येईल का, की जुनी आवृत्तीच पुन्हा टाकू? आणि चालू असलेलं हे लोक मोडतात कशाला?"

आधी एक विनंती. आज काहीही पुसू नका. अपग्रेडवर चिडलेला माणूस दोन चुका हमखास करतो. एक, होम फोल्डरमधलं 'कॉन्फिग' नावाचं लपवलेलं फोल्डर उडवतो. त्यात डेस्कटॉपच्या सेटिंगबरोबर इतर पन्नास प्रोग्रॅमचं सामानही असतं, आणि ते गेलं की मूळ दुखणं बाजूला राहून नवीच दुखणी सुरू होतात. दोन, जुन्या आवृत्तीची पेनड्राइव्ह शोधायला लागतो.

त्या पेनड्राइव्हचं काय ते आत्ताच सांगून टाकतो. उबंटूत वर चढायला जिना आहे, उतरायला नाही. मागे जायचं तर सगळं नव्याने टाकावं लागतं. शिवाय २२.०४ टाकून तुमचं समाधान होणारच नाही, कारण वर्कस्पेस आडवे झाले ते मार्च २०२१ मध्ये, ग्नोम ४० मध्ये (ग्नोम म्हणजे उबंटूचा डेस्कटॉप), आणि २२.०४ मध्ये ग्नोम ४२ आहे. तुम्हाला हवं ते रूप फक्त २०.०४ मध्ये, म्हणजे ग्नोम ३.३६ मध्ये होतं. तेच टाकलंत आणि होम फोल्डर जसंच्या तसं ठेवलंत, तर जुना फायरफॉक्स नव्याने वापरलेलं प्रोफाइल उघडायला नकार देऊ शकतो. २०१९ पासून त्यात ही राखण मुद्दाम घातलेली आहे. एखादं दुसरं मशिन अजून २०.०४ वरच असेल आणि ते हलवायचं नसेल, तर उबंटू प्रो ही सेवा घरगुती वापराला पाच मशिनपर्यंत फुकट आहे. ती घेतली की सुरक्षेचे अपडेट पाच वर्षांऐवजी दहा वर्षं मिळतात. ज्या मशिनवर अपग्रेड झालंय तिथे मात्र पुढचाच रस्ता बघायचा.

तुमची यादी मी दोनदा वाचली. पाच तक्रारी आहेत आणि पाचही तुम्हाला सारख्याच वाटतायत. त्या सारख्या नाहीत, आणि माझं सगळं उत्तर या एका गोष्टीवर उभं आहे. अपग्रेडनंतर जे 'बदललेलं' दिसतं त्याचे तीन ढीग करावे लागतात. पहिल्या ढिगात तुमचीच सेटिंग हरवलेली किंवा बंद पडलेली असते. दुसऱ्यात मूळ पसंती बदललेली असते, पण जुनी सोय आत कुठेतरी शाबूत असते. तिसऱ्यात वस्तूच काढून टाकलेली असते, किंवा ती ज्या पायावर उभी होती तो पाया बदललेला असतो. पहिल्या दोन ढिगांचं काम एका संध्याकाळचं. लोक महिनोन् महिने झटतात ते तिसऱ्याशी, आणि बहुतेकदा उगाच.

ढीग करायला सोपी युक्ती आहे. मशिनवर एक नवं कोरं खातं उघडा आणि त्यात लॉगिन करा. तिथे गोष्ट नीट चालली, तर दोष तुमच्या जुन्या खात्यातल्या सेटिंगचा. तिथेही नाही चालली, तर बदल खरोखर वरून आलाय. दहा मिनिटं लागतात, पण मी मदत केलेल्यांपैकी हे आधी करून आलेला माणूस क्वचितच भेटला. बरेच जण 'नव्या आवृत्तीने माझा फॉन्ट बिघडवला' म्हणून येतात, आणि नव्या खात्यात फॉन्ट झक्क दिसतो.

पहिला ढीग. अपग्रेड करणारा प्रोग्रॅम बाहेरचे सगळे पॅकेज-स्रोत, म्हणजे पीपीए वगैरे, मुद्दाम बंद करतो. ते बरोबरच आहे, कारण जुन्या आवृत्तीसाठी बांधलेली पॅकेजं नवीत घुसली तर गोंधळ होतो. पण नंतर ते स्रोत कोणी आपोआप चालू करत नाही. 'सॉफ्टवेअर अँड अपडेट्स'मध्ये 'अदर सॉफ्टवेअर'खाली जाऊन बघा. ज्याची २४.०४ साठीची आवृत्ती निघाली आहे तेवढेच परत चालू करा.

एक्स्टेन्शनचं प्रकरण पहिल्या आणि तिसऱ्या ढिगाच्या मधोमध पडतं. प्रत्येक एक्स्टेन्शनबरोबर एक छोटी फाइल असते आणि ते ग्नोमच्या कुठल्या आवृत्त्यांवर चालतं ती यादी तिच्यात असते. यादीत तुमची आवृत्ती नसेल तर ग्नोम ते उचलतच नाही. पूर्वी लोक त्या फाइलमध्ये नवा आकडा घुसडायचे आणि बऱ्याचदा काम भागायचं. सप्टेंबर २०२३ च्या ग्नोम ४५ ने ती पळवाट संपवली. एक्स्टेन्शन आतून कसं जोडलं जातं ती पद्धतच तिथे बदलली, त्यामुळे प्रत्येक एक्स्टेन्शन त्याच्या लेखकाला हाताने दुरुस्त करावं लागलं. तुमच्याकडे आता ग्नोम ४६ आहे. 'एक्स्टेन्शन मॅनेजर' उघडा आणि नऊपैकी किती दुरुस्त होऊन आलीत ते पाहा. डॅश-टू-पॅनल, ब्लर वगैरे लोकप्रिय मंडळी येतात. एकट्यादुकट्याने हौसेखातर लिहिलेली बहुधा येत नाहीत.

इथे थोडं थांबून स्वतःची चूक सांगतो. एकेकाळी माझ्या मशिनवर सतरा एक्स्टेन्शन होती. घड्याळ मधून डावीकडे नेणारं एक, डावीकडच्या घड्याळाचा रंग बदलणारं दुसरं, अशी तऱ्हा. एका अपग्रेडनंतर लॉगिन केलं की पडदा काळा व्हायचा आणि परत लॉगिनवर आणून सोडायचा. दोन दिवस मी ग्राफिक्स ड्रायव्हरला शिव्या घातल्या. शेवटी काळ्या टर्मिनलमध्ये जाऊन एक्स्टेन्शनचं फोल्डर बाजूला सरकवलं आणि डेस्कटॉप मुकाट्याने उघडला. ड्रायव्हर बिचारा निर्दोष होता. तेव्हापासून मी एक्स्टेन्शनकडे उधारीसारखं बघतो. ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि एलटीएसवर, म्हणजे दीर्घ सपोर्टच्या आवृत्तीवर, ते सगळे हप्ते दोन वर्षांनी एकदम भरावे लागतात. दोन-तीन उधाऱ्या झेपतात, सतरा नाही. निवड करायचीच असेल तर ग्नोमच्या स्वतःच्या संचातली आधी बघा. खिडक्यांची पट्टी दाखवणारं 'विंडो लिस्ट', जुन्या वळणाचा 'अ‍ॅप्स मेनू', आणि प्रोग्रॅमला ठरलेल्या वर्कस्पेसवर पाठवणारं 'ऑटो मूव्ह विंडोज' ही त्या संचात आहेत. ती ग्नोमबरोबरच सांभाळली जातात, म्हणून अपग्रेडमध्ये सहसा मरत नाहीत. यातलं शेवटचं नाव लक्षात ठेवा, तुमच्या स्क्रिप्टपाशी ते परत येणार आहे.

दुसरा ढीग म्हणजे बदललेल्या पसंती. इथे एक गोष्ट लोकांना पटवायला मला वेळ लागतो: त्रास डोळ्यांना होत नाही, हातांना होतो. नवा रंग, गोल कोपरे, सरकलेलं घड्याळ यांवर आपण तावातावाने बोलतो, पण दोन आठवड्यांत ते दिसेनासं होतं. अंगवळणी पडलेली कळ चुकली की मात्र दिवसातून शंभर वेळा ठेच लागते. म्हणून आधी हातांची तक्रार मिटवा, डोळ्यांची पंधरा दिवस तशीच राहू द्या.

वर्कस्पेसचंच घ्या. तुमची बोटं कंट्रोल-ऑल्ट आणि वर-खालीच्या बाणांवर बसलेली असणार. सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, तिथे शॉर्टकटची यादी, त्यात 'नेव्हिगेशन'. 'डावीकडच्या वर्कस्पेसवर जा' याला वरच्या बाणाची जोडी द्या, 'उजवीकडच्या'ला खालच्या बाणाची. कळ स्वीकारूनही चालली नाही, तर जुनी 'वर' आणि 'खाली' ही नोंद आत अजून ती अडवून बसलेली असते. डीकॉन्फ-एडिटर या आतल्या सेटिंग दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये खिडक्यांच्या कळांची यादी उघडा आणि त्या दोन नोंदी रिकाम्या करा. पडदा आडवाच सरकेल, पण बोटांना काही कळणार नाही. चार दिवसांनी तुम्हालाही नाही. पडद्यावरसुद्धा उभाच क्रम हवा असेल तर 'व्ही-शेल' नावाचं एक्स्टेन्शन आहे. पण उधारीचं मघाशी सांगितलंच. सुपर (विंडोजचं चिन्ह असलेली कळ) आणि पेज-अप, पेज-डाउन ही जोडी मात्र जुन्या ग्नोममध्येही चालायची आणि नव्यातही चालते. नवी सवय लावायचीच असेल तर हिची लावा. वर्कस्पेस आपोआप वाढतात-घटतात ते आवडत नसेल, तर 'मल्टिटास्किंग'मध्ये ठरावीक संख्या देता येते.

प्रिंट-स्क्रीनची ती 'भलतीच चौकट' म्हणजे ग्नोम ४२ मध्ये आलेलं चित्र टिपण्याचं नवं साधन. त्यात पडद्याचा व्हिडिओही घेता येतो, आणि सवय झाल्यावर ते जुन्यापेक्षा बरं आहे असं मी तरी म्हणेन. पण काही न विचारता अख्खा पडदा टिपण्याची जुनी सोय गेलेली नाही, ती शिफ्ट-प्रिंटवर सरकली आहे. एका खिडकीसाठी ऑल्ट-प्रिंट. त्याच शॉर्टकट-यादीत दोन्ही कळांची अदलाबदल केलीत की विषय संपला. चित्रं आता 'पिक्चर्स'च्या आत 'स्क्रीनशॉट्स' नावाच्या फोल्डरमध्ये पडतात. 'सेव्हच होत नाही' म्हणणारे निम्मे लोक जुन्या जागी शोधत असतात.

'अ‍ॅक्टिव्हिटीज' हा शब्द ग्नोम ४५ मध्ये गेला आणि त्याजागी ठिपक्यांची पट्टी आली. लांबट ठिपका म्हणजे तुम्ही आहात तो वर्कस्पेस. दाबल्यावर तेच होतं जे पूर्वी व्हायचं. यावर मी जास्त शाई खर्च करणार नाही.

तुम्ही लिहिलेल्या नाहीत, पण येत्या आठवड्यात भेटतील अशा आणखी काही गोष्टी. बारीक, लपणारा स्क्रोलबार छळत असेल तर अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये तो कायम दिसत ठेवता येतो. स्क्रोलबारच्या रिकाम्या भागावर क्लिक केल्यावर एक पान खाली जाण्याऐवजी तो थेट तिथे उडी मारतो, ही जीटीके ३ पासूनची खोड (जीटीके म्हणजे प्रोग्रॅमची बटणं-खिडक्या काढणारी लायब्ररी). जीटीकेच्या सेटिंग फाइलमध्ये एका ओळीने ती बंद होते, पण जीटीके ३ आणि ४ यांच्या फाइली वेगळ्या आहेत, दोन्हींत लिहावं लागतं. वरची मेनूपट्टी नसलेल्या प्रोग्रॅममध्ये एफ-१० दाबलं की तीन रेघांचा मेनू उघडतो, माउस शोधावा लागत नाही. देवनागरी टायपिंगची अदलाबदल सुपर-स्पेसवर असते आणि कळ बदलायची तर ती ग्नोमच्या कीबोर्ड-सेटिंगमध्ये बदला. आयबस या टायपिंग सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या खिडकीत बदलून काही होत नाही, ग्नोम ती कळ आपल्या हातात ठेवतं.

आता तिसरा ढीग. तुमची स्क्रिप्ट यातली.

स्क्रिप्ट 'अर्धवट' चालते हे तुम्ही लिहिलंत आणि त्यातच उत्तर आहे. २०.०४ मध्ये तुम्ही एक्स-ऑर्गवर (थोडक्यात एक्सवर) होतात, आता वेलँडवर आहात; पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या या दोन वेगळ्या व्यवस्था. उबंटूने एप्रिल २०२१ च्या २१.०४ पासून वेलँड मूळ पसंती केलं. खात्री करायची तर सेटिंग्जमध्ये 'अबाउट', त्यात 'सिस्टिम डीटेल्स' बघा, 'विंडोइंग सिस्टिम'समोर नाव दिसेल. तुमची स्क्रिप्ट डब्ल्यूएमसीटीआरएल किंवा एक्सडूटूल वापरत असणार. या दोघांना फक्त एक्सच्या खिडक्या दिसतात. जे जुने प्रोग्रॅम अजून एक्सच्या पद्धतीने, म्हणजे एक्सवेलँडमधून चालतात, त्यांच्या खिडक्या हलतात. जे थेट वेलँडवर आलेत, ते या हत्यारांच्या दृष्टीने अस्तित्वातच नाहीत. म्हणून काही खिडक्या जागेवर जातात आणि काही ढिम्म राहतात.

'मोडतात कशाला' या प्रश्नाचं एक प्रामाणिक उत्तर इथेच आहे. एक्स-ऑर्ग ज्यावर चालतं तो एक्स ११ हा प्रोटोकॉल १९८७ चा. त्यात एकाच पडद्यावरचा कुठलाही प्रोग्रॅम दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये टाइप होणारी कळ वाचू शकतो, त्याची खिडकी हलवू शकतो, तिचं चित्र घेऊ शकतो. तुमची स्क्रिप्ट ज्या दारातून आत जायची, त्याच दारातून पासवर्ड चोरणाराही जाऊ शकतो. क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी २००८ मध्ये वेलँड सुरू केलं. त्याच्या रचनेत हे दार नाहीच. सगळा कारभार डेस्कटॉपच्या हातात, बाकीच्यांनी आपापल्या खिडकीपुरतं बघायचं. वेगवेगळ्या घनतेचे दोन मॉनिटर नीट चालणं, चित्र न फाटणं, हेही त्यातून सोपं झालं. म्हणजे हा बदल कुणाची लहर नव्हती. पण दार बुजवताना प्रामाणिक माणसांसाठी खिडकी ठेवायला फार उशीर लावला, ही तक्रार मी दहा वर्षं करत आलोय आणि अजूनही ती मागे घेत नाही.

सगळेच बदल असे सकारण मात्र नसतात. २०११ च्या एप्रिलमध्ये ग्नोम ३ आलं तेव्हा खिडकी लहान करण्याचं बटण मूळ मांडणीतून काढलं होतं. त्यामागे सुरक्षा नव्हती, तंत्रज्ञान नव्हतं. होता तो खिडक्या कशा वापराव्यात याबद्दलचा एक विचार. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये ग्नोमच्या फाइल व्यवस्थापकातून एफ-३ ने दोन भाग करण्याची सोय गेली, आणि लिनक्स मिंट या दुसऱ्या लिनक्सवाल्यांनी तोच प्रोग्रॅम वेगळा काढून 'निमो' चालू ठेवला. मार्च २०१८ मध्ये डेस्कटॉपवरचे आयकॉन त्याच फाइल व्यवस्थापकातून काढले गेले. त्यामुळे उबंटूने १८.०४ मध्ये त्याची जुनी ३.२६ हीच आवृत्ती धरून ठेवली, आणि आता ते काम एका एक्स्टेन्शनकडे आहे. असल्या बदलांमागे एक खरं कारण असतं, जे वापरणाऱ्याला दिसत नाही: प्रत्येक पर्याय कोणीतरी तपासायचा असतो, आणि तपासणारी माणसं मोजकी असतात. ते मला समजतं. पण 'ही सोय सांभाळायला माणूस नाही' असं म्हणणं वेगळं आणि 'तुम्हाला तिची गरजच नाही' असं म्हणणं वेगळं. लोक चिडतात ते दुसऱ्या वाक्यावर.

गंमत बघा. २०११ मध्ये ज्या ग्नोम २ साठी लोक गळे काढत होते, तेच २००२ मध्ये आलं तेव्हा 'सगळे पर्याय काढून टाकले' म्हणून त्याच्यावर टीकेची झोड उठली होती. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये ग्नोमवर सडकून टीका करून लोकांना केडीई हा दुसरा डेस्कटॉप वापरायला सांगितलं. जानेवारी २००८ मध्ये केडीई ४.० आलं, त्याला वैतागून ते स्वतः ग्नोमवर गेले. २०११ मध्ये ग्नोम ३ ला वैतागून एक्सएफसीईवर, आणि पुढे एक्स्टेन्शन लावून पुन्हा ग्नोमवर. ज्याने कर्नल लिहिला त्याचीही सुटका झाली नाही, तिथे आपण कोण!

तेव्हा स्क्रिप्टचं काय करायचं? तीन रस्ते आहेत.

सगळ्यात सोपा, एक्स-ऑर्गवर परत जाणं. लॉगिनच्या पडद्यावर आपलं नाव निवडलं की खाली उजवीकडे दातेरी चाक दिसतं. त्यात 'उबंटू ऑन एक्स-ऑर्ग' निवडा. आपोआप लॉगिन होत असेल तर आधी लॉगआउट करावं लागेल. निवड लक्षात राहते, स्क्रिप्ट पहिल्यासारखी पळेल. २४.०४ ला २०२९ पर्यंत सपोर्ट आहे, म्हणजे घाई नाही. फक्त हा पूल पुढे तोडलेला आहे हे माहीत असू द्या. ऑक्टोबर २०२५ च्या २५.१० पासून उबंटूच्या मुख्य डेस्कटॉपमध्ये हा पर्याय उरलेला नाही.

दुसरा रस्ता, गरज बदलून बघणं. स्क्रिप्ट नेमकं काय करते? ब्राउझर पहिल्या वर्कस्पेसवर, टर्मिनल दुसऱ्यावर, मेल तिसऱ्यावर एवढंच असेल, तर मघाचं 'ऑटो मूव्ह विंडोज' ते काम एकही ओळ न लिहिता करतं. बिंदूबिंदूचा हिशोब हवा असेल तर ते पुरणार नाही. वायडूटूल नावाचं साधन वेलँडवरही कळा आणि माउस चालवतं, पण ते कर्नलच्या पातळीवर खोटा कीबोर्ड उभा करतं. त्याला खास परवानग्या लागतात आणि कुठली खिडकी कुठे आहे हे त्याला कळत नाही. खिडक्या मांडायला मी ते सुचवणार नाही.

तिसरा, डेस्कटॉपच बदलणं. यावर माझं मत स्पष्ट आहे: तिसऱ्या ढिगात तुमच्या तीन-चार महत्त्वाच्या गोष्टी पडत असतील, तर ग्नोमला मुरडून मुरडून जुनं ग्नोम बनवू नका. जो डेस्कटॉप मुळातच तुमच्यासारखा चालतो तो घ्या. एक्सएफसीई बदलायला अतिशय सावकाश. त्याची ४.१२ ही आवृत्ती २०१५ ची आणि ४.१४ थेट २०१९ ची. २४.०४ मधलं एक्सएफसीई एक्स-ऑर्गवरच चालतं, स्क्रिप्ट तशीच चालेल. माटे हे तर शब्दशः ग्नोम २ च. ग्नोम ३ बरोबर एकाच मशिनवर नांदावं म्हणून सगळ्या प्रोग्रॅमची नावं बदलावी लागली, म्हणून फाइल व्यवस्थापक नॉटिलस तिथे 'काहा' आणि जीएडिट तिथे 'प्लूमा'. सिनॅमन हवं असेल तर लिनक्स मिंटच टाका, मिंट २२ हे उबंटू २४.०४ वरच उभं आहे. केडीई प्लाझ्मात 'विंडो रूल्स' नावाची सोय आहे. कुठली खिडकी कुठे, केवढी, कुठल्या डेस्कटॉपवर उघडायची ते माउसने ठरवता येतं आणि ते वेलँडवरही चालतं. खिडक्या मांडणं हेच तुमचं मुख्य दुखणं असेल तर मी सगळ्यात आधी हेच बघेन. पण केडीईतही बदल होतातच. फेब्रुवारी २०२४ च्या प्लाझ्मा ६ ने एका क्लिकने फाइल उघडण्याची वर्षानुवर्षांची पसंती बदलून दोन क्लिक केली. सेटिंगमध्ये ती परत फिरवता येते, एवढा दिलासा.

दुसरा डेस्कटॉप नुसता चाखून बघायचा असेल तर त्यासाठी नवं खातं उघडा. एकाच खात्यात दोन डेस्कटॉप ठेवले की थीम, आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम, पासवर्डचा साठा यांची खिचडी होते. 'झुबंटू-डेस्कटॉप' असं अख्खं पॅकेज टाकलंत तर सुरू होतानाचं चित्रसुद्धा बदलू शकतं. चाखायला 'एक्सएफसीई४' एवढं पुरे. आणि मूळ उबंटू एलटीएसला पाच वर्षं मिळतात तशी झुबंटू, कुबंटू या भावंडांना तीनच वर्षं सपोर्ट मिळतो, हे कायमचं स्थलांतर करण्याआधी बघून घ्या.

एक शेवटचं टोक राहिलं. तुमची गडद थीम काही खिडक्यांना लागते आणि काहींना नाही, हेही लवकरच दिसेल. ग्नोमच्या नव्या प्रोग्रॅममागे 'लिबअद्वैता' नावाची लायब्ररी आहे आणि ती बाहेरची थीम मुद्दाम मानत नाही. नाव अद्वैत, पण पडद्यावर मात्र चांगलं ठळक द्वैत! आडमार्गाने रंग बदलता येतात, मी करून पाहिलेत, पुढच्या अपडेटला ते मोडतात. उबंटूच्या 'अपिअरन्स'मध्ये गडद छटा आणि एक ठळक रंग निवडा, बाकी सोडून द्या.

पुढच्या अपग्रेडआधी दोन कामं करा. 'डीकॉन्फ डंप' या कमांडने सगळ्या सेटिंगची साधी मजकूर-फाइल बनते. आजच्या नव्या मांडणीवर मन बसलं की ती काढून ठेवा. पुढे काही बदललं तर नव्या फाइलशी ताडून नेमकं काय हललं ते दोन मिनिटांत कळतं. अख्खी फाइल परत लोड मात्र करू नका, जुन्या चुकाही तिच्याबरोबर येतात. आणि नव्या आवृत्तीची पेनड्राइव्ह बनवून ती न टाकता नुसती चालवा, तासभर रोजचं खरं काम करा. मी एका कार्यालयातली सगळी मशिनं एकदा सुट्टीच्या दिवशी अपग्रेड केली आणि लोकांना आधी काहीच दाखवलं नाही. सोमवारी दुपारपर्यंत जागेवरून उठून प्रत्येकाला खिडकी लहान कशी करायची तेच सांगत होतो. चूक सर्वस्वी माझी, तासभराची पेनड्राइव्ह पुरली असती.

तुम्ही आज रात्री नवं खातं उघडा, पाच तक्रारी त्यात तपासा, बाणांच्या आणि प्रिंटच्या कळा बदला, आणि उद्यासाठी दातेरी चाकातून एक्स-ऑर्ग निवडून स्क्रिप्ट चालती करा. मग सवडीने स्क्रिप्टमध्ये कुठल्या खिडक्या कुठे जातात ती यादी इथेच लिहा. ती बघितल्यावर 'ऑटो मूव्ह विंडोज' पुरेल की प्लाझ्माचे नियम लागतील, ते नेमकं सांगता येईल.